गार्गी सातपुते, हाय हाय

माझ्या मुलीच्या नावाने लोक शिमगा करतात आणि तो ऐकायला मी हॉस्पिटलातून रजा टाकून जाते. विद्यापीठाच्या मैदानाला लागून सिमेंटच्या पायऱ्या आहेत, तिथे हिवाळ्याचं ऊन अंगावर घेत बसते, हातात शेंगांचा पुडा असतो. खाली गार्गीच्या हातात चेंडू आला रे आला, की अर्धं मैदान ओरडतं, “गार्गी सातपुते, हाय हाय!” आणि उरलेलं अर्धं, “गार्गी! गार्गी!” सुरुवातीला वाटायचं, उठावं आणि एकेकाच्या कानाखाली आवाज काढावा. आता मी शेंगा सोलते.

मी साधना सातपुते, भूलतज्ज्ञ. मूळची मिरजेची. नवऱ्याच्या नोकरीपायी जयपूरला आले, त्याला आता वीसेक वर्षं होऊन गेली. नवऱ्याचं नाव नीलकंठ, ते विद्यापीठात भूगोल शिकवतात. गार्गी आमची एकुलती एक. तिलक नगरातच वाढली, आणि तिचं मराठी ऐकून माझ्या मिरजेच्या वहिनी तोंडाला पदर लावून हसतात. ‘माझा चूक नाही’ असं म्हणते. चूक हा शब्द स्त्रीलिंगी आहे हे तिला पटत नाही, आणि चूक आपली आहे हे तर मुळीच पटत नाही.

बास्केटबॉल ती शास्त्री नगरच्या मैदानावर शिकली. तिथे सगळे मुलगेच खेळायचे. सहावीतली ही शेंबडी पोर त्यांच्यात घुसली ती घुसलीच. मुलींनी कसं खेळायचं हे तिला कुणी सांगितलं नाही, त्यामुळे ती त्यांचंच शिकली. धक्का देऊन पुढे जायचं, धक्का बसला तर उठायचं आणि तोंड म्हणून बंद ठेवायचं नाही. कॉलेजात गेल्यावर पहिल्याच वर्षी तिने आपल्याहून वीतभर उंच मुलीला चकवून बास्केट टाकली आणि वळून विचारलं, “दीदी, थक गईं क्या?” पंचांशी हुज्जत घालते. लोक हाय हाय करायला लागले की हात कानाला लावून उभी राहते, म्हणजे ऐकू येत नाही, जरा मोठ्याने. आणि खेळते अशी की तिला टीमबाहेर ठेवायची कुणाची छाती होत नाही. वाईट खेळली असती तर तिचा एवढा राग कुणालाच आला नसता, हे माझं स्वच्छ मत आहे.

मग ते मोबाइलवरचे व्हिडिओ. तिच्या एकाच बास्केटला कुणी ढोल लावून ‘जयपूर की शेरनी’ म्हणतं, आणि तीच बास्केट दुसरा कुणी हळू करून दाखवतो आणि खाली लिहितो, ‘घमंडी गार्गी’. आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर सुधा तिच्यासाठी उपास धरतात. आमच्या वॉर्डातला कारकून मला बघून मान फिरवतो. कोपऱ्यावरचा कचोरीवाला तिच्याकडून पैसे घेत नाही आणि त्याची बायको गल्ल्यावरून म्हणते, “इस लडकी को कोई दो थप्पड लगाओ.” तिच्यावरून एका दुकानात दोन पक्ष पडलेत.

आमची मराठी मंडळी याहून गमतीची. मंडळाचे पंढरीनाथकाका, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी उन्हाळ्यातच स्वतः फोन करून सांगितलं होतं, “साधनाताई, संक्रांतीच्या कार्यक्रमात आपल्या गार्गीचा सत्कार. शाल, श्रीफळ, सगळं.” मराठी पोरीने राजस्थानात नाव काढलं म्हणून त्यांचा ऊर भरून आला होता. यंदा ऑक्टोबरात तो प्रकार झाला आणि काकांचा परत फोन. यंदा सत्कार दहावीच्या मुलांचे करावेत असं कमिटीचं मत पडलं आहे. मी म्हटलं, “काका, शाल घेतली असेल तर ठेवा तुम्हाला, थंडी आहे.” नीलकंठ दोन दिवस माझ्यावर रुसले होते.

तर तो प्रकार. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल होती, समोर चौमूं या जवळच्या गावच्या कॉलेजची टीम. त्यांच्यात कीर्ती नावाची एक बारीकशी, चपळ मुलगी होती. ती पूर्ण मॅचभर गार्गीच्या अंगाला चिकटून राहिली. इतकं करूनही आमचं कॉलेज भरपूर गुणांनी पुढे होतं आणि शेवटचे काही सेकंद उरले होते. बास्केटबॉलमध्ये एक पद्धत आहे. नियमात कुठेही लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. जिंकणं ठरून गेलं, की ज्याच्या हातात चेंडू आहे त्याने तो जागच्या जागी टप्पे देत उभं राहायचं, समोरच्यांनी हात खाली सोडायचे, भोंगा वाजला की सगळ्यांनी हात मिळवायचे. हरणाऱ्याची लाज राखायची, एवढाच त्यात हेतू. त्याप्रमाणे चौमूंच्या कोचनी “छोड दो” म्हणून हात केला. त्यांच्या मुली थांबल्या. कीर्तीही थांबली. आमचे कोच द्वारका सर, त्यांनीही बाकावरून गार्गीला तळहात दाखवला, थांब. गार्गीने घड्याळाकडे बघितलं, कीर्तीकडे बघितलं, आणि तिच्या बाजूने सरळ आत घुसून बास्केट टाकली.

भोंगा वाजला तेव्हा कीर्ती जमिनीवर बसून रडत होती. कुणीतरी तेवढंच टिपलं. रडणारी कीर्ती आणि तिच्यामागे हात कानाला लावून उभी असलेली माझी लेक. त्याला कुणीतरी बासरी जोडली आणि मग काय विचारता! ‘संस्कार’ हा शब्द मी त्या आठवड्यात जितक्या वेळा वाचला तितक्या वेळा आख्ख्या आयुष्यात वाचला नव्हता.

तिथवर मी सहन केलं असतं. पण विद्यापीठाच्या टीमची एक गोष्ट असते. त्या काही वेगळ्या मुली नसतात. वर्षभर ज्या कॉलेजांनी एकमेकांचे गुडघे फोडलेले असतात, त्यांच्यातल्याच बारा निवडायच्या, एका रंगाची जर्सी चढवायची आणि दुसऱ्या विद्यापीठांशी लढायला उभ्या करायच्या. यंदा विभागीय स्पर्धा जयपुरातच होती, जानेवारीत. गार्गीचं शेवटचं वर्ष. मुली बघायला रेल्वेच्या टीमची माणसं येणार होती, म्हणजे पुढे नोकरी, पुढे खेळ, सगळंच त्यावर अवलंबून. गार्गी निवडली गेली. कीर्तीही निवडली गेली, आणि दोघींची जागा एकच, चेंडू खेळवत पुढे आणणारीची.

विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे सचिव खंगारोत साहेब. त्यांनी अट घातली. उद्घाटनाच्या दिवशी, मॅचआधी, मैदानाच्या मध्यात, माइकवर गार्गीने कीर्तीची माफी मागायची. नाही मागितली तर बारा जणींत तिचं नाव नाही.

आणि ही अट माझ्या नवऱ्याने परस्पर कबूल केली. मला न विचारता, तिला न विचारता, खंगारोत साहेबांच्या केबिनमध्ये चहा पिता पिता. नीलकंठांचं असंच आहे. तिलक नगरातला फ्लॅट आमच्या मालकीचा आहे, पण ते या शहरात कायम भाडेकरूसारखे राहतात. गाडी कुणी ठोकली तर हेच सॉरी म्हणतात. रांगेत कुणी पुढे घुसला तर हे सरकून जागा देतात. “आपण बाहेरचे,” असं त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे.

रात्री जेवताना त्यांनी सांगितलं. गार्गीने हातातली पोळी ताटात ठेवली.

“बाबा, तुम्ही मला विचारला होता का?”

“अगं, दोन शब्दांचा तर प्रश्न आहे. त्यात काय झिजतंय तुझं?”

“मग तुम्ही बोला ना दोन शब्द. मी नाही बोलणार.”

“मी शब्द दिलाय त्यांना, गार्गी.”

“तुमचा शब्द दिला ना? माझा कुठे दिला?”

मी म्हटलं, “अहो, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो म्हणायला?” पण खरं सांगायचं तर मीही हिशेब करायला लागले होते. हिचं शेवटचं वर्ष. रेल्वेची माणसं. दोन शब्दांनी हे सगळं वाचणार असेल तर वाचू दे की, असं मलाही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्वारका सर स्वतः घरी आले. चांगला माणूस, आणि यंदा विद्यापीठाच्या टीमचेही कोच तेच. गार्गीला त्यांनीच घडवलं आणि तिच्यापायी शिव्याही त्यांनीच खाल्ल्या. चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाले, “बेटा, माफी नहीं मांगनी, मत मांग. इतना बोल दे कि घडी नहीं देखी. बोल दे, मेरा हाथ नहीं देखा. खंगारोत साहब मान जाएंगे, मैंने बात की है.”

पळवाट चांगली होती. मी मनातल्या मनात हात जोडले.

“देखा था, सर,” गार्गी म्हणाली. “घडी भी देखी थी, आपका हाथ भी. देख के ही मारी.”

“क्यों?”

“पूरा मैच वो अकेली मुझे रोक रही थी. बाकी सब तो ऐसे ही थे. फिर किसी ने बोला ‘छोड दो’ और उसने छोड दिया.” ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर गच्च्यांवरून पोरं पतंग उडवत होती आणि कुणाचातरी कटला म्हणून आरडाओरडा चालला होता. “मुझे बहुत गुस्सा आया, सर.”

द्वारका सरांनी चहा संपवला आणि ते गेले. जाताना मला म्हणाले, “मैडम, आप समझाइए.” मी समजावलं. अगदी मनापासून समजावलं. जगात वावरायचं तर थोडं वाकावं लागतं, तुझं खरं असेल तरी लोकांना ते कळत नसतं, रेल्वेत लागलीस की मग काय हवं ते बोल. गार्गीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आई, तू पण बाबांसारखी बोलते आहेस, मतलब, सेम टू सेम.” आणि खोलीत गेली. ते मला झोंबलं. मी भूगोलवाल्यासारखी बोलते म्हणजे काय!

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी ऑपरेशनं होती. पहिलीच केस पित्ताशयाची, एक म्हातारी बाई. ऑपरेशन छान झालं. सर्जननी टाके घातले, हातमोजे काढून टाकले आणि म्हणाले, “हो गया, मैडम. टेबल खाली करवाइए, अगला बाहर लेटा है.” सर्जनचं असंच असतं. त्यांचे टाके पडले की ऑपरेशन संपलं. सगळे एकमेकांना छान छान म्हणतात, मास्क खाली येतात, कुणीतरी गाणं लावतं. पण बाईंच्या घशात माझी नळी होती आणि त्यांचा श्वास अजून त्यांचा झालेला नव्हता. मी म्हटलं, “नहीं हुआ.” ते घड्याळाकडे बघत म्हणाले, “मैडम, हर बार आपका यही है. पूरा थिएटर रुका है आपके लिए.” म्हटलं, “रुकने दीजिए.” त्यांनी सिस्टर सुधांकडे बघून कपाळाला हात लावला. मी तशीच बसून राहिले. हाक मारली, “अम्मा, आंखें खोलिए. सिर उठाइए.” बाईंनी डोळे उघडले. मान उचलली आणि उचलून धरली, तेव्हा मी नळी काढली.

हॉस्पिटलात मलाही लोक खडूस म्हणतात. मागे म्हणतात, कधी तोंडावरही म्हणतात. वीस वर्षांत मी त्याबद्दल कुणाची माफी मागितलेली नाही, आणि कुणी मागायला सांगितली असती तर मी त्याला थिएटरबाहेर काढलं असतं. बाकीच्यांनी हात खाली सोडले म्हणून माझं काम संपत नाही. हात धुताना मला एकदम हसू आलं. पोरगी कुणावर गेली म्हणून मी इतकी वर्षं सासरच्या लोकांकडे बोट दाखवत होते.

घरी गेले तेव्हा ती बुटांच्या नाड्या बांधत होती. मी दारातूनच सांगितलं, “नको मागूस माफी.”

तिने वर बघितलं. “आई, मी मागणार नव्हतीच.”

“ते ठीक आहे गं. पण मी पण सांगितलं असं लक्षात ठेव.”

उद्घाटनाचा दिवस शनिवार होता. संक्रांत तोंडावर आलेली, आभाळ पतंगांनी भरलेलं, आणि मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दी स्पर्धेसाठी आली होती असं मी म्हणणार नाही. माफी बघायला आली होती. निम्म्या लोकांनी मोबाइल आधीच वर धरले होते. पंढरीनाथकाका आणि मंडळाची चार माणसं समोरच्या बाजूला बसली होती. आमच्याकडे बघून त्यांनी नमस्कार केला, पण जवळ आले नाहीत. पहिल्या रांगेत रेल्वेच्या निळ्या जॅकेटातली दोन माणसं होती. नीलकंठ माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या पुड्यातली एकही शेंग घेतली नाही.

खंगारोत साहेबांनी परंपरा, बडप्पन, नारी सम्मान असं बरंच काही बोलून माइक गार्गीच्या हातात दिला. समोर चार पावलांवर कीर्ती उभी होती, त्याच रंगाची जर्सी घालून. उरलेल्या निम्म्या लोकांनीही आता मोबाइल वर केले.

“कीर्ती,” गार्गी म्हणाली, “उस दिन तूने मुझे एक भी आसान बास्केट नहीं दी. फिर लास्ट में तू रुक गई. मैंने घडी देखी थी. सर का हाथ भी देखा था. फिर भी मारी, क्योंकि मैच चालू था. आगे कभी रुकेगी तो फिर मारूंगी. सॉरी नहीं है मेरे पास.”

एक क्षण कुणालाच कळलं नाही की संपलं. मग असा गदारोळ उठला की माझ्या मांडीवरचा पुडा खाली सांडला. कीर्ती मात्र हललीही नाही. ती गार्गीकडे टक लावून बघत होती. चेहऱ्यावर राग होता की काय होतं, मला इतक्या लांबून कळेना. खंगारोत साहेबांनी माइक घेतला आणि पायऱ्यांकडे बघत म्हणाले, “प्रोफेसर साहब यहीं बैठे हैं. प्रोफेसर साहब, आपने तो मुझे जबान दी थी.”

सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. नीलकंठांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, झालं, हा माणूस आता तिच्या वतीने माफी मागणार. ते उभे राहिले. त्यांचा वर्गातला आवाज मोठा आहे हे मी विसरूनच गेले होते.

“दी थी, साहब,” ते म्हणाले. “बेटी से पूछे बिना दी थी. वो मेरी गलती थी. वापस लेता हूं.”

आणि खाली बसले. मी त्यांचा हात हातात घेतला आणि भरमैदानात धरून ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जे मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं ते तेव्हा म्हटलं, “अहो, शाब्बास.”

बारा नावं वाचली गेली. गार्गीचं नाव नव्हतं. तिने विद्यापीठाची जर्सी काढली, आत साधा टीशर्ट होता. जर्सीची नीट घडी घालून तिने ती द्वारका सरांच्या हातात दिली आणि पायऱ्या चढून वर आली. वाटेत लोक तोंडावर हाय हाय करत होते आणि ती त्यांच्या पायांतून वाट काढत होती. माझ्या शेजारी येऊन बसली. रेल्वेची माणसं कागदावर काहीतरी खोडत होती. ते तिने बघितलं आणि मीही बघितलं. ती रडली नाही. खाली सांडलेल्या शेंगा वेचून एकेक परत पुड्यात भरायला लागली. त्या क्षणी मला खंगारोत साहेबांचा, त्या मोबाइलवाल्यांचा, साऱ्या जयपूरचा असा संताप आला की काय सांगू! शेवटचं वर्ष होतं हो तिचं. ज्यासाठी ती लहानपणापासून पहाटे उठत आली, ते चार नीट वाक्यांच्या बदल्यात काढून घेतलं होतं.

मॅच सुरू झाली. गार्गीच्या जागी कीर्ती. पाहुण्यांची टीम धिप्पाड होती आणि कीर्तीवर एवढ्या गर्दीचं दडपण आलेलं दिसत होतं. पहिलाच पास हातातून सुटला. मग पाहुण्यांनी तिच्याकडून चेंडू हिसकावून घेतला. तिसऱ्यांदा तिने बास्केटला मारलेला चेंडू रिंगलासुद्धा लागला नाही. आणि मग पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, “कीर्ती, हाय हाय!”

मी मागे वळून बघितलं. तीच पोरं होती. हिच्या रडण्याला बासरी जोडून पाठवणारी, संस्कार संस्कार करणारी. ओरडायला आली होती, गार्गी मैदानात नव्हती, म्हणून जी सापडली तिला धरलं. बघता बघता सगळ्या पायऱ्या म्हणायला लागल्या. “कीर्ती, हाय हाय! चौमूं वापस जाओ!” खाली ती मुलगी चेंडू हातात घेऊन उभी राहिली. टप्पा द्यायचंही तिला सुचेना. पंचांनी शिट्टी वाजवली आणि चेंडू पाहुण्यांना दिला. तिने हात खाली सोडले.

गार्गी उठली. माझ्या खांद्यावर हात टेकून पायऱ्यांच्या कठड्यावर चढली, मैदानाकडे पाठ केली आणि गर्दीकडे तोंड करून ओरडली, “ए! उसको नहीं! मुझे बोलो! मैं इधर बैठी हूं ना!”

कुणीतरी हसलं. कुणीतरी शिवी दिली.

“मुझे बोलो!” तिने दोन्ही हात पसरले. “सुबह से मेरे लिए आए हो ना? तो बोलो! उसको खेलने दो!”

त्यांना काय, आयतंच सापडलं. “गार्गी सातपुते, हाय हाय!” एका कोपऱ्यातून सुरू झालं आणि सगळीकडे पसरलं. चौमूंचं नाव विसरलं, कीर्तीचं विसरलं. पाण्याची एक रिकामी बाटली आली, ती माझ्या पाठीला लागली. गार्गी हात पसरून तशीच उभी. चढवा आवाज, अजून चढवा, असं हातांनी सांगत होती. आणि तिच्या पाठीमागे, खाली, कीर्तीने वर बघितलं. मग द्वारका सरांकडे बघितलं नाही, खंगारोत साहेबांकडे बघितलं नाही. पाहुण्यांच्या मुलीच्या हातून चेंडू उडवला आणि सुटली.

“आई,” गार्गी मान न वळवता ओरडली, “काय झाला? टाकली का तिने?”

“टाकली!” मी ओरडले.

“खरंच?”

“खरंच गं! परत चेंडू तिच्याचकडे आलाय!”

मान वळवली असती तर तिला स्वतःला दिसलं असतं. पण तिने मान वळवली की त्या लोकांना परत खाली बघायला मोकळीक मिळाली असती, आणि ती ते होऊ देणार नव्हती. जी मॅच खेळायला तिने रक्त आटवलं, ती तिला बघायलाही मिळत नव्हती.

नीलकंठ उठले. शर्ट खोचला. कठड्यावर चढताना त्यांचा तोल गेला, मी मागून धरलं. मग ते तिच्याशेजारी उभे राहिले, मैदानाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून.

“बाबा, तुम्ही बसा ना. ते मला बोलतायत.”

“बोलू देत,” नीलकंठ म्हणाले. “सातपुतेच म्हणतायत ना? मग मीही आहे.”

मीही चढले असते. पण कुणीतरी मॅच बघायला हवी होती. म्हणून मी त्यांच्या पायांशी उभी राहिले आणि त्या सगळ्या आरडाओरड्याच्या वरताण ओरडून मुलीला स्कोअर सांगत राहिले.